जुनी बोर्दो: चाखावी कशी, जोखावी कशी

माझी पहिली जुनी वाइन मी स्वतःच्याच हाताने वाया घालवली. लंडनमध्ये राहत असताना, 2009 साली, फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशात मेदॉक नावाचा भाग आहे, तिथल्या वाइन बनवणाऱ्या एका चांगल्या घराण्याची 1996 सालची बाटली मी हौसेने विकत घेतली, पिशवीत घालून बसने घरी आणली आणि त्याच संध्याकाळी पाहुण्यांसमोर उघडायला घेतली. बूच मधोमध तुटले, त्याचा उरलेला तुकडा आत पडला आणि पेल्यात उतरला तो गढूळ, कडसर, कोमट द्रव. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ असा शेरा मारून आम्ही जेवायला बसलो. पुढे चाखणीचे रीतसर शिक्षण घेतले आणि 2018 मध्ये एका चाखणी-मंडळात त्याच घराण्याची, त्याच सालची दुसरी बाटली नीट उभी करून, नीट उघडून, नीट गाळून समोर आली, तेव्हा पहिल्या वेळचा दोष वाइनचा नव्हता हे पहिल्याच घोटात कळले. ज्यांच्या हाती अशी एखादी बाटली भेट म्हणून, वारसा म्हणून किंवा पदरमोड करून प्रथमच येणार आहे, त्यांच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

उदाहरणासाठी मी बोर्दोच्या डाव्या काठाची लाल वाइन घेतली आहे. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी तयार होते. तिच्या डाव्या काठावर मेदॉक आहे आणि तिथल्या वाळू-गोट्यांच्या जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्याँ हे द्राक्ष प्रामुख्याने वाढते. त्याला मेर्लो, कॅबर्ने फ्रां आणि थोड्या पेती व्हेर्दोची जोड दिली जाते. कॅबर्नेची साल जाड, बिया भरपूर, त्यामुळे तुरटपणा देणारे टॅनिनही भरपूर असते. तरुणपणी ही वाइन जिभेला आवळ्यासारखी आवळून धरते आणि म्हणूनच ती बाटलीत वीस-तीस वर्षे मुरू शकते.

मुरणे म्हणजे काय, हे आधी समजून घेतलेले बरे. बाटलीत वर्षे जातात तसे टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, जड होतात आणि काही अंशी साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. म्हणून रंग फिकट होतो आणि तुरटपणा मऊ पडतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि त्याच्या जागी चामडे, तंबाखू, ओला पालापाचोळा, अळंबी असे वास पुढे येतात. आंबटपणा मात्र फारसा हटत नाही. या सगळ्यांचा मेळ ज्या काळात उत्तम बसतो, तो त्या वाइनचा पिकण्याचा काळ. आपल्याकडे आंब्याच्या चार अवस्था सगळ्यांना ठाऊक असतात: कच्चा, पाडाला लागलेला, पिकलेला आणि उतरलेला. जुनी वाइन जोखताना मला ‘तरुण’, ‘प्रौढ’ अशा पुस्तकी शब्दांपेक्षा हीच चौकट उपयोगी पडते, कारण तुमच्यापुढचा खरा प्रश्न बाटली किती जुनी आहे हा नसून ती पिकलेली आहे की उतरलेली, हा असतो.

काय काय लागेल

साहित्य: दोन पात्यांची बूच-काढणी आणि लांब मळसूत्राची साधी बूच-काढणी, या दोन्ही, डिकँटर (बाटलीतली वाइन ओतून घेण्याचे काचेचे भांडे) किंवा स्वच्छ काचेचा जग, छोटी टॉर्च किंवा मेणबत्ती, बारीक जाळीची चाळणी, वर निमुळते होत जाणारे, पातळ काचेचे पेले, पांढरा कागद, स्वयंपाकातला थर्मामीटर, साधा पाव आणि पाणी, वही-पेन, आणि पिकदाणी. पिकदाणीला लाजू नका, कारण व्यावसायिक चाखणारे सर्रास थुंकतात आणि थुंकल्याने चवीचे मूल्यमापन अडत नाही.

कागदपत्रे: खरेदीची पावती; बाटली आधी कुणाकडे आणि कुठे ठेवली होती याची नोंद; गोदामात होती तर त्या गोदामाची पावती; मूळ लाकडी खोका असेल तर त्याचे छायाचित्र. परदेशातून भारतात आणणार असाल तर सीमाशुल्काविना 2 लिटरपर्यंतच मद्य आणता येते हे लक्षात ठेवा, पावती हाताशी ठेवा आणि बाटली सामानात टाकण्याआधी नीट गुंडाळा.

1. बाटलीची कुंडली पाहा

चाखणी बूच काढण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. जुन्या वाइनला आदर्श तापमान 12 ते 13 अंश सेल्सियस असते, तेही वर्षभर स्थिर. हवेत पुरेसा ओलावा लागतो, अंधार लागतो आणि बाटली आडवी ठेवावी लागते, म्हणजे बूच ओले राहते. पुण्यात किंवा नागपुरात कपाटावर दोन उन्हाळे काढलेली बाटली कितीही थोर घराण्याची असली, तरी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. उष्णतेने वाइन फुगते, बूच वर ढकलले जाते आणि कडेने पाझरते. बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेले दिसले किंवा बुचावर चढवलेल्या पातळ वेष्टनाच्या टोपणाखाली चिकट ओघळ दिसला, तर ही शंका घ्या.

मग पातळी पाहा. बोर्दोच्या बाटलीला ठळक खांदा असतो, त्यामुळे हे काम सोपे जाते. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळापर्यंत किंवा खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत असेल तर चिंता नाही. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर धोका आहे. त्याच्याही खाली गेली असेल तर आत बरीच हवा शिरली आहे, आणि अशी बाटली विकत घेऊ नये.

साल, म्हणजे द्राक्षे काढली ते वर्ष, कसे होते, हेही पाहून ठेवा. 1996 साली मेदॉकमध्ये उशिरा पिकणारे कॅबर्ने फार छान साधले, मात्र नदीपलीकडच्या सँत-एमिलियाँ आणि पोमरोलच्या मेर्लोला ते साल तितके मानवले नाही. 1998 मध्ये नेमके उलटे झाले. 1991 मध्ये एप्रिलच्या हिमतुषारांनी कोंब जाळले. 2003 च्या उन्हाळ्यात युरोप होरपळला आणि अनेक वाइन लवकर पिकल्या. 2005 आणि 2010 सालच्या अव्वल मेदॉक वाइन मात्र अजूनही पाडाला लागल्याच्याच अवस्थेत भेटू शकतात. एवढी माहिती असली की कोणत्या सालाकडून काय मागायचे हे कळते.

येथे पहिला सापळा आहे तो नावाचा. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदॉकच्या घराण्यांची पाच श्रेणींत प्रतवारी झाली. ती त्या काळच्या बाजारभावांवर आधारलेली होती आणि तिच्यात आजवर झालेली एकमेव बढती म्हणजे 1973 मध्ये मूतों रोथशिल्ड या घराण्याला मिळालेली पहिली श्रेणी. प्रतवारी घराण्याची आहे, तुमच्या हातातल्या बाटलीची नाही. दुसरा सापळा बनावट मालाचा. रुडी कुर्नियावान नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरात वाइन मिसळून, जुनी लेबले लावून त्या श्रीमंत संग्राहकांना विकल्या आणि 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला 10 वर्षांची शिक्षा सुनावली. सामान्य माणसाच्या वाट्याला इतक्या महाग बनावट बाटल्या सहसा येत नाहीत, पण पावती नसलेली, भाव संशयास्पद स्वस्त असलेली आणि ‘आमच्या काकांच्या तळघरातली’ म्हणून पुढे केलेली बाटली दोनदा विचार करून घ्यावी.

2. बाटली उभी करा आणि तिच्या वाटेला जाऊ नका

चाखण्याच्या दोन दिवस आधी बाटली आडव्या अवस्थेतून हलकेच उभी करा, म्हणजे कुशीला चिकटलेला साका तळाशी उतरेल. ती विमानाने किंवा गाडीने नुकतीच आली असेल तर दोन दिवस पुरत नाहीत; किमान दोन आठवडे तिला थंड जागी पडू द्या. मी 2009 मध्ये केलेली सर्वांत मोठी चूक हीच. ढवळलेला साका जिभेवर कडू आणि खरखरीत लागतो आणि वाइनचे सगळे नाजूकपण झाकून टाकतो.

पिण्याचे तापमान 16 ते 18 अंश ठेवा. ‘खोलीच्या तापमानाला’ हा जुना सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीचे तापमान 34 अंश असू शकते आणि त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात चढून बाकी सगळ्यावर मात करते. उलट बाटली फार गार असेल तर वास मिटून राहतात आणि टॅनिन कठोर लागते. बाटली उभीच फ्रिजमध्ये ठेवून वेळेवर बाहेर काढणे, हा घरगुती उपाय पुरेसा आहे. थर्मामीटर याचसाठी मागितला.

3. खोली, पेला आणि तुमचे नाक

त्या दिवशी घरात उदबत्ती लावू नका, फोडणी करू नका, अत्तर किंवा सेंट मारू नका. कपाटातल्या पेल्यांना डांबरगोळ्यांचा किंवा भांडी घासण्याच्या साबणाचा वास लागलेला असतो, म्हणून पेले आधी साध्या पाण्याने खळखळून, कोरडे करून, रिकामेच हुंगून पाहा. दात घासून, पान खाऊन किंवा कॉफी पिऊन लगेच चाखायला बसू नका. सकाळी अकराच्या सुमारास, थोडी भूक लागलेली असताना, नाक आणि जीभ सर्वांत तल्लख असतात असा माझा अनुभव आहे.

सोबत चीज ठेवण्याचा मोह टाळा. ‘सफरचंदावर विकत घ्यावी, चीजवर विकावी’ अशी वाइनच्या व्यापाऱ्यांत म्हण आहे, कारण चीजची चरबी आणि मीठ टॅनिनचे काटे बोथट करतात आणि दोष लपवतात. जोखून झाल्यावर हवे तेवढे चीज खा.

4. बूच काढणे

हा टप्पा घाईचा नाही. टोपण बाटलीच्या ओठाखाली कापा आणि ओल्या कापडाने तोंड पुसून घ्या. वर काळी बुरशी दिसली तरी घाबरू नका, ती बुचाच्या बाहेरची असते आणि बहुतेक वेळा दमट तळघराची खूण असते.

वीस वर्षांहून जुने बूच मऊ आणि ठिसूळ झालेले असते आणि बोर्दोचे बूच सुमारे 5 सेंटिमीटर लांब असते. आखूड मळसूत्र त्याच्या अर्ध्यापर्यंतच पोचते आणि ओढताच बूच तिथे तुटते; माझे तसेच तुटले होते. दोन पात्यांची बूच-काढणी बूच आणि काच यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी हलकेच सरकवावी लागते: आधी लांब पाते, मग आखूड, आणि पुढे थोडे थोडे डोलवत खाली. पूर्ण आत गेली की गोल फिरवत, न ओढता, वर घ्या. पाती सरकवताना खाली फार जोर दिला तर बूच आत जाते, म्हणून ते ढिले वाटल्यास मळसूत्र मध्यातून घालून त्याच्या आधाराने पाती लावतात. दोन्ही एकत्र असलेले उपकरणही मिळते आणि जुन्या बाटल्या वारंवार उघडणार असाल तर ते घेणे परवडते.

बूच निघाल्यावर त्यावर छापलेले घराण्याचे नाव आणि साल लेबलाशी ताडून पाहा. आतल्या टोकाला लाल डाग असणे स्वाभाविक आहे. डाग कडेने वरपर्यंत गेला असेल तर वाइन पाझरली होती. बूच हुंगून मात्र निर्णय घेऊ नका, कारण बुचाला बुचाचाच वास येतो.

5. साका वेगळा करणे

डिकँटरमध्ये ओतायचे ते मुख्यतः साका मागे ठेवण्यासाठी. बाटलीच्या खांद्याखाली टॉर्च धरा, एका हाताने संथ, न थांबता ओता, आणि खांद्यात काळसर धुरासारखी रेघ दिसली की तत्क्षणी थांबा. बाटलीत साधारण 30 ते 50 मिलिलिटर उरेल, तेवढे सोडून द्यावे. बुचाचे कण पडले असतील तर चाळणी वापरा. कापडातून गाळणार असाल तर ते साबणाच्या वासाचे नसावे, आणि कॉफीचा कागदी फिल्टर असेल तर तो आधी पाण्याने भिजवून घ्या, नाहीतर वाइनला कागदाचा वास लागतो.

किती आधी ओतावी, यावर जाणकारांत एकमत नाही. बोर्दोमध्ये वाइननिर्मितीला आधुनिक वळण देणारे शास्त्रज्ञ एमिल पेनो यांचे मत असे होते की गाळणे आवश्यक असेल तर ते अगदी वाढण्याच्या क्षणी करावे, कारण हवेने सूक्ष्म वास उडून जातात. पंचवीस वर्षांपुढच्या बाटलीसाठी मी हाच सल्ला पाळतो. जुनी वाइन दोन-तीन तास आधी डिकँटरमध्ये ओतून ‘श्वास घेऊ देणे’ म्हणजे कधीकधी तिला शेवटचा श्वास घ्यायला लावणे ठरते. कच्ची वाटली तर पेल्यात वाट पाहता येते, पण उडालेला वास परत आणता येत नाही.

6. कौतुकाआधी दोष शोधा

नवखे लोक ‘मला काय काय जाणवले’ यापासून सुरुवात करतात. तुम्ही ‘ही निरोगी आहे का’ इथून सुरुवात करा. पेल्यात 50 मिलिलिटर घ्या आणि न फिरवता एक छोटा श्वास घ्या.

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीत वाळलेल्या फडक्याचा कुबट वास आला तर बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या द्रव्याची शंका घ्या. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही ते जाणवते, आणि सौम्य असेल तर वास कुबट न येता फळाचा सुगंध नुसता दबून जातो. त्याची नाकाला पटकन सवय होते, म्हणून पहिल्या श्वासावर विश्वास ठेवा. शिवाय हवेत हा वास वाढतो, कमी होत नाही. याच्या उलट, बाटली उघडताच येणारा विझलेल्या काडीचा किंवा कोंदटपणाचा वास दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. म्हणून शंका आली तर पेला बाजूला ठेवा आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहा.

व्हिनेगरचा किंवा नखरंग काढण्याच्या द्रावणाचा झणका म्हणजे उडती आम्लता वाढली आहे. चिरून ठेवलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा आणि सपाट, शिळ्या सुक्यामेव्याचा वास म्हणजे हवेने वाइन खाल्ली आहे. शिजवलेल्या मुरांब्यासारखा एकसुरी गोड वास उष्णतेचे लक्षण. आणि घोड्याच्या तबेल्याचा किंवा औषधी पट्टीचा वास हा ब्रेटानोमायसेस या यीस्टचा. जुन्या बोर्दोत तो अनेकदा असतो, थोडा असेल तर काहींना आवडतो, फार असेल तर सगळ्या वाइन एकसारख्या वाटू लागतात. माझी सहनशक्ती याबाबत कमी आहे, हे प्रांजळपणे सांगतो. तुमची तुम्ही ठरवा, पण नोंद जरूर करा.

7. रंग पाहा, पण रंगाला भुलू नका

पेला पांढऱ्या कागदावर 45 अंशांत कलता धरा. तरुण कॅबर्ने जांभळट, मध्यवयीन माणकासारखी, मुरलेली डाळिंबी ते विटकरी दिसते. कडेचा पट्टा महत्त्वाचा: मध्यभागी रंग खोल आणि कडेला विटकरी-नारिंगी झाक, अशी हळूहळू उतरत जाणारी छटा पिकलेल्या वाइनची असते. पूर्णच तपकिरी, निस्तेज आणि गढूळ असेल तर सावध व्हा.

बोर्दोच्या विद्यापीठात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांवर झालेला, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या ठिकाणी आठवावा. त्यांना पांढरी वाइन बेचव रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या वासांच्या शब्दांत केले. जिथे शिकलेली नाके फसतात तिथे आपली काय कथा! म्हणून रंग लिहून ठेवा आणि मग डोळे मिटून हुंगा.

8. नाक: इथे सर्वाधिक वेळ द्या

आता पेला हलकेच फिरवा आणि लांब नव्हे, तर दोन-तीन छोटे श्वास घ्या. थांबा, आणि पुन्हा. वासांचे तीन थर असतात असे समजा. पहिला द्राक्षाचा: कॅबर्नेबाबत तो काळ्या करंट या युरोपी फळाचा असतो, आणि जे कधी खाल्लेच नाही ते ओळखू येणार कसे? माझ्या नाकाला पिकलेले जांभूळ आणि करवंद हे त्याचे जवळचे नातेवाईक वाटतात. तरीही एकदा काळ्या करंटचा जॅम आणून हुंगून ठेवा. द्राक्ष पुरते पिकले नसेल तर हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तोही कॅबर्नेचाच. दुसरा थर, वाइन बाटलीत भरण्याआधी ज्यात ठेवतात त्या ओक लाकडाच्या पिंपाचा: लवंग, व्हॅनिला, भाजल्याचा खमंगपणा. तिसरा मुरण्याचा, आणि जुनी वाइन जोखताना कस याच थराचा लागतो. देवदाराच्या लाकडाची पेटी, तंबाखूची चंची, वापरून मऊ झालेली कोल्हापुरी चप्पल, नुकती टोकरलेली शिसपेन्सिल, पहिल्या सरीनंतरचा ओला पालापाचोळा, अळंबी, सुके अंजीर: हे सगळे मला वेगवेगळ्या मेदॉक वाइनमध्ये कधी ना कधी भेटलेले आहे.

परक्या शब्दांची यादी पाठ करून ती वाइनवर चिकटवणे, हा इथला सापळा. चाखणीच्या वर्गात मी एक वर्षभर ‘सिगारचा डबा’ असे लिहीत होतो आणि सिगारचा डबा मी आयुष्यात हुंगलेला नव्हता. आजोबांची चंची मात्र लहानपणापासून ओळखीची होती. ज्या दिवशी वहीत ‘चंची’ असे लिहिले, त्या दिवसापासून माझ्या नोंदी माझ्याच मला पुन्हा वाचून कळू लागल्या.

जोखताना शब्दांची संख्या मोजू नका. तिन्ही थर एकमेकांत गुंफलेले आहेत का, आणि जुन्या वासांखाली फळाचा एखादा जिवंत धागा अजून शिल्लक आहे का, हे पाहा. तो धागा असेल तर वाइन पिकलेली आहे. नुसता पालापाचोळा आणि अळंबी उरली असेल, फळ कुठेच नसेल, तर ती उतरली.

9. तोंड

लहान घोट घ्या, संपूर्ण तोंडात घोळवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. त्या हवेने वास घशामागून नाकात चढतो आणि आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग तिथेच कळतो.

टॅनिन हे चवीपेक्षा स्पर्शाने कळते. ते लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून हिरड्या आणि गाल कोरडे पडतात. जांभूळ खाल्ल्यावर किंवा फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर होते तसे. चांगल्या मुरलेल्या बोर्दोत टॅनिन नाहीसे झालेले नसते, बारीक झालेले असते: जाडाभरडा रवा आणि वस्त्रगाळ पीठ यांतला फरक समजा. आंबटपणा तोंडाला पाणी सुटण्यावरून मोजा. अल्कोहोल घशातल्या उबेवरून. नव्वदच्या दशकातल्या बोर्दोत ते साधारण 12 ते 12.5 टक्के असे, आज 13.5 ते 14.5 टक्के सर्रास असते, म्हणून जुनी वाइन हलकी वाटली तर तो दोष समजू नका.

आता मेळ पाहा. फळ आटते पण आंबटपणा टिकतो, म्हणून उतरलेल्या वाइनमध्ये मध्यभाग पोकळ लागतो आणि शेवटी आंबट-तुरट धार तेवढी उरते. पिकलेल्या वाइनमध्ये कोणताही एक घटक वेगळा बोट दाखवून सांगता येत नाही.

शेवटी लांबी. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर वास-चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा. फ्रेंच चाखणारे याला ‘कोदाली’ म्हणतात. एक कोदाली म्हणजे एक सेकंद, आणि हा शब्द ‘शेपटी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. पाचाच्या आत संपली तर साधी, दहा-बारांच्या पुढे गेली तर उत्तम, असा ढोबळ हिशेब मी ठेवतो. मात्र सुगंध मोजायचा आहे. घशातली जळजळ किंवा हिरड्यांवरचा तुरटपणा रेंगाळला तर तो धरू नका.

10. पेल्यासोबत थांबा

पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने त्याच पेल्याकडे परत या आणि प्रत्येक वेळी दोन ओळी लिहा. निरोगी, पिकलेली वाइन या काळात उलगडत जाते. उतरलेली वाइन पहिल्या दहा मिनिटांत देखणी वाटून मग डोळ्यांदेखत कोसळते. माझ्या मते या एका कसोटीतून बाकी सर्व कसोट्यांपेक्षा जास्त कळते आणि नेमकी हीच लोक वगळतात, कारण तोवर पेला रिकामा झालेला असतो.

तरुण कॅबर्ने शेजारी ठेवून तुलना करावीशी वाटेल. कल्पना चांगली आहे, आणि बहुतेक पहिल्या काही वर्षांतच पिण्यासाठी बनवलेल्या नाशिकच्या कॅबर्ने त्यासाठी सहज मिळतात. पण ती तुलना आदल्या दिवशी करा. तरुण टॅनिनने आवळलेल्या जिभेला जुन्या वाइनचे बारकावे कळत नाहीत.

11. निकाल लिहा

चार प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहा: मेळ कसा आहे, लांबी किती, वास-चवीची तीव्रता किती, आणि गुंतागुंत किती. पाचवे उत्तर अवस्थेचे: कच्ची, पाडाला लागलेली, पिकलेली की उतरलेली. यानंतरच हवे तर गुण द्या. अमेरिकेत वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी रूढ केलेली 100 गुणांची पद्धत 50 पासून सुरू होते, युरोपात अनेकजण 20 पैकी देतात. कोणतीही वापरा, पण आकडा आधी सुचला आणि शब्द त्याच्या समर्थनार्थ शोधले, असे होऊ देऊ नका. तसेच तुमची आवड आणि वाइनचा दर्जा या दोन नोंदी वेगळ्या ठेवा, कारण चांगली वाइन न आवडणे हा गुन्हा नाही. आणि एका बाटलीवरून त्या संपूर्ण सालावर शिक्का मारू नका: वीस वर्षांनंतर प्रत्येक बुचाने आत वेगवेगळी हवा सोडलेली असते, म्हणून एकाच खोक्यातल्या दोन बाटल्याही सख्ख्या बहिणींइतक्याच सारख्या आणि तितक्याच वेगळ्या निघतात.

नमुन्यादाखल, 2018 च्या त्या दुसऱ्या बाटलीची माझ्या वहीतली नोंद देतो:

‘मेदॉक, 1996. पातळी मानेच्या तळाशी. बूच अखंड, डाग खालच्या टोकापुरता. आधी कोंदट, बारा मिनिटांत स्वच्छ. रंग डाळिंबी, कडा विटकरी. नाकात चंची, देवदार, टोकरलेली पेन्सिल, ओला पाला, आणि खाली करवंद अजून आहे. टॅनिन वस्त्रगाळ, आंबटपणा ताजा, मधे पोकळी नाही. चौदा सेकंद. पाऊण तासाने पहिल्यापेक्षा बरी, दीड तासाने तितकीच. पिकलेली, उतरायला अवकाश आहे. 2009 ची नोंद रद्द समजावी.’